चाळणीतला तांडा

परमेश्वरने माउसची टकटक केली आणि कळमनुरी तालुक्यातली निम्मी गावं पडद्यावरून नाहीशी झाली. धर्मसिंग नाईक खुर्चीतून अर्धवट उठला.

"कुठं गेली?"

"गेली न्हाईत, नाईक. पाणी असलेली बाजूला काढली. आता नुसती बिनपाण्याची उरली. चाळणीवानी हाय हे."

मागच्या बाकावर बसलेल्या धर्मसिंगच्या बायकोने, शकुंतलाबाईने, मान वर केली.

"गव्हाची चाळणी का पिठाची?"

"म्हंजे?"

"गहू चाळला का चांगला माल वर राहतो. पीठ चाळलं का खाली पडतो. आमी वर हाव का खाली?"

परमेश्वर हसला, पण ती हसली नव्हती. आखाडा बाळापुरात तीन कॉम्प्युटरचं दुकान टाकल्यापासून त्याला लोकांनी निकाल विचारले, नोकरीच्या जागा विचारल्या. हे कुणी विचारलं नव्हतं. तो पुन्हा पडद्याकडे वळला.

तांडा माळावर होता आणि माळाला पाणी नव्हतं. धर्मसिंगची सून शितल पोटुशी, दिवस भरत आलेले. मागच्या आठवड्यात डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढ चढताना तिचा पाय सरकला. घागर गेली, पोरगी वाचली. तेव्हापासून शकुंतलाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तालुक्याच्या साहेबाने सांगितलं होतं, आता सगळं इंटरनेटवर आहे. बिनपाण्याच्या वस्त्यांत तुमचा तांडा सापडला तर कागद काढून आणा, हापशाचा प्रस्ताव पाठवू. हे २००८ साल होतं, आणि साहेबलोकांना ते वाक्य नवं नवं आवडायला लागलं होतं.

"तांड्याचं नाव?"

"धर्मसिंग नाईक तांडा. रस्त्याला बोर्ड हाय की आमचा! ह्या एवढाल्या अक्षरात."

परमेश्वरने नाव टाकलं. काही आलं नाही. ग्रामपंचायत निवडली, पाण्याची अट ठेवली, पुन्हा बघितलं. चार वस्त्या आल्या, त्यांत हा तांडा नव्हता.

"न्हाई नाईक. तुमचा तांडाच न्हाई."

"न्हाई कसा? मी काय हवेत राहतो?"

तांडा नाइकाच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या भावाशी असलेल्या भांडणाचं मूळ तेच होतं. बाप किसनसिंग नाईक गेला, तेव्हा पंचांनी थोरल्या जगनला नाईक केलं. धाकटा धर्मसिंग चिडला. आपल्या मागे येतील तेवढी घरं घेऊन तो खालच्या तांड्यातून उठला आणि वर माळावर जाऊन बसला. बोर्ड त्यानेच रंगवून घेतला. एके काळी हेच दोघे भाऊ ऊसतोडीला एका गाडीवर जायचे. गाडी उलटून जगनचा उजवा खांदा निखळला, तेव्हा हंगाम संपेपर्यंत रोज त्याला तेल चोळणारा धर्मसिंगच. आता रस्त्यात गाठ पडली तर दोघेही आभाळाकडे बघत. माळावरच्या घरांना तर धर्मसिंगची ताकीदच होती, की खालच्या हापशाचा थेंब वर यायचा नाही. पाणी नाल्याच्या विहिरीतूनच आणायचं. स्वतः तो विहिरीवर कधी उतरला नव्हता. पाणी आणणं बायकांकडे होतं, पाण्यावरून भांडणं पुरुषांकडे.

त्याने पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि परमेश्वरपुढे धरली.

"घे, पिऊन बघ. आमच्या विहिरीचं हाय. जगनच्या हापशाचं मचूळ लागतं, जनावर तोंड लावंना. ह्याची गोडी बघ."

परमेश्वर प्यायला. "गोड हाय," तो म्हणाला, आणि खरंच होतं. शकुंतलाबाई वरचा पंखा बघत बसली.

"आता पाण्याची अटच काढून टाकतो. जेवढं असंल तेवढं सगळं दिसू द्या." त्याने अट काढली. गावं भराभर परत आली. तो बोट ठेवून खाली उतरत गेला आणि थांबला.

"किसनसिंग नाईक तांडा. हा कोनचा?"

धर्मसिंगचा आवाजच बदलला. "तो... आमचा बाप."

"त्याच नावावर हाय. वस्ती एकच धरली हाय, माणसं दोन्हीकडची मिळून दिसतात. हापसा एक. म्हनून बिनपाण्याच्यात येत न्हाई."

"म्हंजे आमी जगनच्या हापशाचं पितो, म्हनते का ही मशीन?"

"नोंद तशीच हाय."

"साफ खोटं हाय! दुरुस्त कर."

"मला बघता येतं, नाईक. बदलता येत न्हाई."

धर्मसिंगने पडद्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बाप मरून इतकी वर्षं झाली. तो इथे काचेमागे सगळ्यांना एकत्र घेऊन कसा बसला, हे त्याला काही केल्या उमजेना.

"खोटं न्हाई ते," मागून शकुंतलाबाई म्हणाली.

तो वळला.

"विहीर होळीलाच आटती. दर साली आटती. तुमी कवा उतरून बघितली?"

"मंग हे?" त्याने बाटली वर केली.

"थोरल्यांच्या हापशाचं."

"कवापासून?"

"माळावर गेलो, त्या पयल्या उन्हाळ्यापासून. समद्याच बाया तिथून आणतो."

बाटलीचं झाकण कुठे गेलं ते धर्मसिंगला सापडेना. ते त्याच्याच मुठीत होतं. राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. परमेश्वर उगाच कीबोर्ड पुसत राहिला. मग तो हळू बोलला.

"नाईक, एक होईल. माणसं लई अन् हापसा एक, तर दुसरा मागता येतो. वर माळावर घ्या. फक्त अर्ज ह्याच नावानं करावा लागंल. अन् तांड्याच्या नाइकाची सही."

"कोन्या नाइकाची?"

परमेश्वर पुन्हा कीबोर्ड पुसायला लागला.

"जगन करनार न्हाई सही," धर्मसिंग म्हणाला.

"करतील," शकुंतलाबाई म्हणाली. "शितल पडली तवापासून तिला हापशाला हात लावू देत न्हाईत. ती दिसली का उठून येतात अन् सोता हापसून देतात."

धर्मसिंगने बाटलीला झाकण लावलं. मग त्याने पडद्याकडे बोट केलं.

"काढ कागद. बापाच्याच नावाचा."

बाहेर तांड्यावरून कळमनुरीकडे जाणारी जीप भरत आली होती. शकुंतलाबाई चढून बसली. धर्मसिंग कागदाची घडी खिशात ठेवून खालीच उभा राहिला.

"कोन्या हातानं हापसतो?"

"डाव्या. उजवा वर होत न्हाई अजून."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. धर्मसिंगने त्याला हाताने थांबवलं आणि समोरच्या किराणा दुकानात शिरला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तिळाच्या तेलाची बाटली होती. शकुंतलाबाईने सरकून त्याला जागा करून दिली.