चेंडू मरतो तो कोपरा

‘सदर कृत्रिम हिरवळीचे मैदान समतल असून त्याची देखभाल नियमित होत असल्याचे पाहणीत आढळले. अपघात खेळाडूच्या असावधानतेमुळे घडला आहे.’

मित्रांनो, ज्या कंपनीने मला बसवले तिच्याच तपासनिसाने लिहिलेली ही दोन वाक्ये. खाली सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. केवळ सत्याला तिथे जागा मिळाली नाही. मी घरामागच्या अंगणातले एक टेनिसचे मैदान. माझे गवत प्लास्टिकचे आहे. साक्ष मात्र अस्सल आहे.

माझ्याआधी इथे एक झाड होते. या घरातली मुलगी खेळाच्या शिबिराला गेली होती. ती परतण्यापूर्वी अंगणात मैदान तयार असावे, ही तिच्या बाबांची हौस. हौस निर्मळ होती, हे मी नाकारत नाही. कामगारांनी झाड पाडले, माती उकरली आणि एका कोपऱ्यात येऊन मुकादम थांबला.

“साहेब, खोड राहिलंय. मुळासकट काढावं लागेल. दोन दिवस जातील.”

“दोन दिवस? अहो, शुक्रवारी मुलगी येतेय! जमिनीलगत कापा आणि टाका वर खडी.”

“लाकूड आहे साहेब, कुजणार. आज नाही, पण दोन-तीन वर्षांत जमीन खाली बसेल.”

“मुकादम, वरून हिरवं दिसलं की झालं. खाली कोण बघायला जातंय?”

मुकादमाने डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला. “अंगण तुमचं, हुकूम तुमचा,” एवढेच तो म्हणाला. मग खोडावर खडीचे थर पडले, रोलर फिरला, दगडाची भुकटी पसरली. माझ्या गुंडाळ्या उलगडल्या, सांधे चिकटवले, पात्यांच्या मुळाशी बारीक वाळू झाडली. असा मी जन्मलो. पायाखाली प्रेत ठेवून उभा राहिलेला मी काही पहिलाच नव्हे.

शुक्रवारी मुलगी आली. पाठीवरची पिशवी दारातच टाकून, बूट भिरकावून ती माझ्यावर धावत सुटली.

“अगं, पायात काहीतरी घाल! वाळू टोचेल!” आई ओरडली.

“टोचू दे!”

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. कुंपणापलीकडचे काका तर येता-जाता म्हणत, “तुमच्या गवताला पाणी लागत नाही. आमचं मेलं पाणी पिऊन पिऊन वाळतं!” मुलगी रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारी. तिची पावले मला पाठ झाली होती.

तिसऱ्या वर्षी एकदा ती त्या कोपऱ्यात थबकली. चेंडू खाली टाकला. तो थप्पकन पडला आणि उठलाच नाही.

“बाबा, इथे चेंडू मरतो.”

“चेंडू जुना झालाय. नवा डबा फोड.”

पुढच्या रविवारपासून बाबा वाळूचे घमेले आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन येऊ लागले. खोलगट भागात वाळू भरायची आणि पाती उलटी झाडून ताठ करायची. बाकीचे तीन कोपरे त्यांनी कधी झाडले नाहीत.

जिल्ह्याच्या निवड सामन्यांना चार दिवस उरले होते. उंच आलेला चेंडू गाठायला मुलगी मागे धावली आणि तिचे पाऊल त्या कोपऱ्यात तीन बोटे आत गेले. पाऊल अडकले, शरीर वळले. गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला आहे. बाबा धावत आले.

“लक्ष कुठे असतं तुझं? हजारदा सांगितलं, पाय बघून टाक!”

“सॉरी, बाबा,” ती पडल्यापडल्या म्हणाली. माझ्यावर उच्चारला गेलेला याहून भयंकर शब्द मला ठाऊक नाही.

शस्त्रक्रिया झाली. वर्षभर धावायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आईने हट्टाने तपासनीस बोलावला. मी समतल असल्याचे त्याला ‘आढळले’, कारण त्याने पट्टी तीन जागी ठेवली, आणि तिन्ही जागा मध्यभागी होत्या. कोपऱ्यात ठेवता आली नाही. तिथे हातात चहाचा कप घेऊन बाबा उभे होते. देखभाल नियमित होती, हे मात्र शब्दशः खरे. राहिली असावधानता. तीही खरीच, फक्त ती कोणाची, हे विचारण्याची तसदी तपासनिसाने घेतली नाही.

मुलगी खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत असे. एके दिवशी ती म्हणाली, “आई, माझी रॅकेट कुणाला तरी देऊन टाक. मला पायसुद्धा नीट टाकता येत नाही. मी खेळाडू नाहीच बहुतेक.” आणि मांडीवरचा चेंडू तिने कोपऱ्याकडे फेकला. थप्प.

आईने तो आवाज ऐकला. ती उठली, कोपऱ्यात गेली, टाचेने जमीन दाबून पाहिली. घरात जाऊन तिने मुकादमाला फोन लावला.

मुकादमाने सांधा कापून माझा कोपरा उलटा दुमडला आणि तो वाळू उपसू लागला. एक घमेले, दुसरे, तिसरे.

“ताई, एवढी वाळू आम्ही टाकत नसतो. ही मागाहून कुणीतरी भरलीये.”

खाली खोड होते. काळे, भुसभुशीत, हाताने कुस्करावे असे. मुलगी कुबड्या टेकत काठाशी आली.  आईने बाबांकडे पाहिले.

मित्रांनो, अशा वेळी मी ‘माझी काळजी घ्या’ असे म्हणायला हवे. पण काळजी तर दर रविवारी घेतली जात होती. माझे मागणे वेगळे आहे. एखादे लहान माणूस इथे काहीतरी बिघडले आहे असे सांगेल, तेव्हा चेंडू बदलू नका, जमीन उकरा. आणि चूक पुरायचीच असेल, तर जिथे मुले धावणार आहेत तिथे पुरू नका.

बाबा खड्ड्याच्या काठाशी येऊन खाली बसले. मग मुलीकडे न पाहता ते जे बोलले, ते मी एकही शब्द न गाळता नोंदवतो:

“खोड मीच ठेवायला लावलं. खड्डा पडतोय, तेही मला माहीत होतं. तुझं काही चुकलं नव्हतं, बाळ. तू पडलीस ना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तुझा पाय आलाच नाही. आता हे सगळं उघडं पडणार, एवढंच आलं. म्हणून मी तुझ्यावर ओरडलो.”