ट्रंक क्रमांक सतरा

‘थाप’ हे पखवाजाला वाहिलेले त्रैमासिक गिरगावातून निघते. वर्गणीदार सहाशे बारा. त्याची वेबसाइट नव्याने करायचे काम अनुजा तावडेकडे आले, तेव्हा जुन्या यादीत तिला एक कोडे दिसले. लालबागच्या एकाच खोलीच्या पत्त्यावर एकोणीस नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा होता. चार, सतरा, एकतीस. वय म्हणावे, तर एक वर्गणीदार चार वर्षांचा ठरत होता.

तिने संपादक मृणालिनी केळकरांना विचारले.

“बाबांच्या वेळेपासून तसंच छापतोय,” त्या म्हणाल्या. “मी कधी विचारलं नाही.”

नव्या साइटला एका पत्त्यावर एकच वर्गणी चालत होती. अनुजाने एकोणीस नावांची एक नोंद केली, पहिले नाव सीताराम राणे होते ते ठेवले आणि आकडे काढून टाकले. एप्रिलचा अंक तसाच गेला.

मेमधल्या एका मंगळवारी देवगडहून फोन आला.

“मी गुणाजी परब. माझो अंक इलो नाय. रविवारी माझी ट्रंक खाली उतरवतले.”

“अंकाचा आणि ट्रंकेचा काय संबंध, काका?”

“ता तू लालबागेक जावन बघ. सीताराम सांगात.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली एका भजनवेड्या गावाने मिळून घेतलेली होती. भिंतीला फळ्यांच्या तीन रांगा, त्यांवर पत्र्याच्या ट्रंका आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. ज्याची ट्रंक फळीवर, त्याला खोलीत झोपायचा हक्क. सीताराम राणे या खोलीचे सेक्रेटरी होते.

“तुम्हाला एकट्यालाच अंक आला, त्याचं नवल नाही वाटलं?” अनुजाने विचारले.

“वाटला मां! म्हटलं, बाकीच्यांनी वर्गणी भरूक नाय. चिकट मेले.”

मग त्यांनी नियम सांगितला. गावी राहायला गेलेल्या माणसाच्या नावाने चार महिने टपाल आले नाही, तर त्याची ट्रंक उतरवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. बाकी अठरा जणांना कसली ना कसली पत्रे येत. गुणाजींना फक्त ‘थाप’ येई. डोळ्यांच्या तपासणीला ते वर्षातून दोनदा परळला येत आणि मुंबईत उतरायला त्यांना हीच एक जागा होती.

अनुजाने पिशवीतून एप्रिलचा अंक काढला. “हा त्यांचा. चूक माझी आहे.”

सीतारामांनी हात पुढे केला नाही. “ह्यो तुझ्या पिशवीतसून इलो. आज तुझ्याकडचो घेतलंय, तर उद्या कोणाचोय भाचो कागद आणून ठेवतलो.”

“मग काय हवं पाकिटावर?”

“नाव आणि टपालाचो शिक्को.”

“आकडा?”

“आकडो नसलो तर मी ठेवू खंय? हयसर तीन गुणाजी परब आसत.”

त्याच दुपारी गिरगावच्या पोस्टातून अठरा पाकिटे स्पीड पोस्टाने निघाली. संध्याकाळी अनुजाने एका पत्त्यावर एकाच वर्गणीची अट काढली आणि फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली : ट्रंक क्रमांक, असल्यास.

“पुण्याचा वर्गणीदार हे वाचून काय म्हणेल गं?” मृणालिनीताईंनी विचारले.

“काही नाही. रिकामं सोडेल.”

शुक्रवारी पाकिटे आली नाहीत. शनिवारी अनुजा पुन्हा लालबागला जाऊन बसली. पोस्टमन साडेबाराला आला. सीतारामांनी गुणाजींचे पाकीट खिडकीशी नेऊन शिक्का वाचला, तारीख वाचली, आकडा वाचला. मग स्टुलावर चढून ते सतरा नंबरच्या ट्रंकेवर ठेवले.

“उद्या उतरवणार नाही ना?”

स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांनी विचारले, “फुडचो अंक कधी?”

“जुलैत.”

त्यांनी बोटांवर महिने मोजले. “मग चार महिन्यांत बसता,” म्हणाले आणि खाली उतरले.