जवळून ओळखणारी व्यक्ती

वकिलांनी पत्र उजेडाकडे धरलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माडीवरच्या खोलीत उत्तरा आणि तिचे वडील त्र्यंबकराव समोर बसले होते. सकाळीच डोंबिवलीहून आले होते. पत्र येऊन चार दिवस झाले, पण उत्तरेनं ते कोणाला दाखवलं नव्हतं. शाळेनं नेमणूक रद्द केली, एवढंच तिनं सांगितलं होतं, आणि आज उठल्या उठल्या म्हणाली होती, वकिलाकडे चला.

“उमेदवार अत्यंत तापट असून मुलांवर हात उगारण्याचा संभव आहे,” वकील वाचत होते, “असे त्यांना जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीकडून समजल्याने त्यांची नेमणूक रद्द करून त्या जागी दुसऱ्या शिक्षिकेस घेण्यात आले आहे.”

त्र्यंबकरावांनी मांडीवरची टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

वकिलांनी नीट समजावून सांगितलं. नेमणुकीचं पत्र आलं, उत्तरेनं होकार लेखी कळवला, म्हणजे करार झाला. तो मोडला म्हणून भरपाई मागता येईल. पण घ्याच हिला कामावर, असं काही कोर्ट शाळेला सांगणार नाही. दुसरा रस्ता अब्रुनुकसानीचा. त्याला मात्र कोण बोललं, कोणापाशी, नेमकं काय, हे सगळं लागतं. नोटीस देऊन शाळेला आधी नाव विचारू, म्हणाले.

“मला भरपाई नको,” उत्तरा म्हणाली. “मला नाव हवंय. दोन वर्षं ट्रेनिंगला काढली मी. हे असलं नावावर घेऊन आता ठाण्यात काय नि कल्याणात काय, कोण दारात उभं करणार आहे मला?”

त्र्यंबकरावांना आनंदा पाटील आठवला. शाळेला जमीन देणारा गावचा जुना जमीनदार, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष. पंधरा दिवसांपूर्वी बाजारात भेटला, आणि तुमची पोर आमच्या शाळेत येते म्हणून कौतुकानं बोलायला लागला. आता आपल्या पोरीचं कौतुक झालं की लगेच मान डोलवायची, असं कुठे असतं? त्र्यंबकरावांच्या घरात तरी नव्हतं. कसली हो मास्तरीण, ते हसत म्हणाले, राग नुसता नाकावर, उगारायची एखाद्या दिवशी पोरांवर हात, तुम्हीच सांभाळून घ्या. जन्मभर ते असंच बोलत आले होते. उत्तरा मॅट्रिकला शाळेत पहिली आली, तेव्हा पेढे वाटतानासुद्धा, नशीब पेपर सोपे निघाले, हेच तोंडात. ऐकणारे हसायचे आणि पेढा घ्यायचे.

आनंदा हसला नव्हता. त्याची दोन नातवंडं त्या शाळेत होती. ‘असं हाय का,’ म्हणून तो जरा वेळ उभा राहिला होता, आणि त्र्यंबकराव वांगी निवडत राहिले होते. बापानं सांगितलेलं त्यानं खरं मानलं, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

वकिलांनी कोरा कागद ओढला. स्वभावाबद्दल साक्ष लागेल, तर वडिलांपासूनच सुरुवात करू, म्हणाले.

“सांगा, मुलगी कशी आहे?”

“तशी बरी आहे, पण जरा...”

जीभ सवयीनं वळली आणि तिथेच अडली. ‘पण जरा’च्या पुढचं उत्तरा लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं टेबलावरचं पत्र उचललं, पुन्हा एकदा वाचलं आणि वडिलांकडे पाहिलं.

“अण्णा, तुम्ही?”

“आनंदाला म्हणालो. बाजारात. सहज.” मग ते घाईघाईनं वकिलांकडे वळले. “पण खोटं आहे हो ते. लिहून घ्या. हिची आई गेली तेव्हा ही बारा वर्षांची होती. धाकट्या दोघांना हिनं वाढवलं, कधी चापट मारली नाही. शेजारच्या तुळसाचा मुलगा अडखळत बोलायचा, वर्गात तोंड उघडायचा नाही. त्याला हिनं वर्षभर ओट्यावर घेऊन बसून कविता म्हणायला शिकवलं. माझ्यात नाही एवढा धीर आहे हिच्यात. देवाशप्पथ सांगतो.”

उत्तरा ऐकत होती. हे सगळं अण्णांच्या लक्षात आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

वकिलांनी टाक उचलला नाही. आता हे सांगून उपयोग नाही, ते हळूच म्हणाले. वडील मुलीची बाजू घेतात, एवढंच लोक म्हणतील. मग त्यांनी उत्तरेला विचारलं, नोटीस काढायची का?

“नको,” ती म्हणाली, आणि पत्राची घडी घातली.

अंधाऱ्या जिन्यावर तिनं नेहमीसारखा त्यांचा दंड धरला. रस्त्यावर आल्यावर सोडला. दोघं स्टेशनवर आले. तिकिटाच्या खिडकीशी शेजारच्या विमलाबाई भेटल्या. काय गं, शाळा कधीपासून सुरू तुझी, त्यांनी विचारलं. त्र्यंबकराव खिडकीकडे वळून तिकिटाचे पैसे काढू लागले.

“नाही घेतलं हो मला, काकू,” उत्तरा म्हणाली. “माझा स्वभाव तापट आहे ना.”

“चल, काहीतरीच!” विमलाबाई हसल्या. त्यांनी ते मुळीच खरं मानलं नाही.