उभ्यानं सांगू नये

इन्सुलीला हायवे सोडून आत वळलं की चिंचेच्या झाडाखाली एक कौलारू घर लागतं. त्या घराच्या पडवीत सिसिलिया रविवार सोडून रोज संध्याकाळी खुर्च्या मांडायची आणि दिवेलागण उलटून गेली की पुन्हा भिंतीशी लावून ठेवायची. मांडताना कुणी येईल अशी आशा नसायची आणि उचलताना वाईटही वाटायचं नाही. कोंबड्या झाकाव्यात, अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया गोळा कराव्यात, तशा ती खुर्च्या उचलायची.

नाताळ होऊन गेला आणि तिचा नवरा कॉस्मे गेला. बागेतून आला, पायरीवर बसला, पाणी दे म्हणाला. ती तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तिच्या आत कुणी कापूस ठासून भरावा तसं झालं होतं. माणसं बोलायची ते ऐकू यायचं, पण पलीकडच्या खोलीतलं ऐकू यावं तसं. रडू आलं नाही. चर्चमध्ये त्याच्यासाठी झालेल्या मिस्सेच्या प्रार्थनेला बायका तिच्याकडे बघत राहिल्या आणि ती मेणबत्तीकडे.

वर्ग दोघांचा होता. कॉस्मेची उमर बोटीवर वाढप करण्यात गेली होती. परत आल्यावर त्यानं पडवीत बोलायचं इंग्रजी शिकवायला घेतलं, ते पोरांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी. पलीकडे गोव्यात मोपाला विमानतळ झाला होता आणि इथल्या माणसांना इंग्रजीची गरज लागत होती. दत्ताराम टॅक्सी चालवायचा. किशोरी हद्दीजवळच्या एका हॉटेलात काउंटरवर लागली होती. काशीबाईचा नातू परदेशात जन्मला होता आणि फोनवर आजीला जे काही सांगायचा त्यातलं तिला ओ की ठो कळायचं नाही. आणखीही चार माणसं येऊन जाऊन असायची. कॉस्मे बोलायला शिकवायचा आणि मग सिसिलिया अक्षरं गिरवून घ्यायची.

मोठं माणूस शिकायला येतं तेव्हा चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून काढतं. कधी उठून पळावं लागेल याचा नेम नसतो. पोर चुकलं तर छडी खातं आणि विसरतं. मोठं माणूस चुकलं तर घरी जाऊन जेवत नाही. कॉस्मेला हे कळत होतं. पहिल्याच दिवशी तो बोटीवरची आपली फजिती सांगायचा, स्वतःच पोट धरून हसायचा, आणि मग चुकायची भीती कुणाला राहायची नाही. हायवेवरचे ट्रक गुरगुरत जायचे आणि त्यांच्यावरून पडवीतलं हसणं ऐकू यायचं.

महिन्याची मिस्सा झाली आणि सिसिलियानं वर्ग पुन्हा उघडला. उघडला म्हणजे खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. नाक्यावर पाटी लावून घेतली, तरी कुणी आलं नाही. फोनवर सगळ्यांना कळवलं तर हात जोडल्याची चित्रं आली, माणसं नाहीत.

मुलगी क्लॉडिया म्हापशाला होती. तिचा फोन यायचा.

"ममा, आता पुरे गो. कोण येवचा नाय तुझ्याकडे. घर बंद कर नि माझ्याकडे ये."

"वर्ग आसा."

"खंय आसा वर्ग? खुर्च्यांक शिकवतंस?"

सिसिलियानं पडवीतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी गाडी घेवन ये. तंवसर कोण नाय इला तर येतंय."

हे तिनं कसं म्हटलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पण म्हटलं तर खरं. पडवीखेरीज तिला कुठे जागा नव्हती. त्या पडवीत कॉस्मेचा आवाज अजून राहिलाय असं तिला वाटायचं, आणि खुर्च्या मांडल्या नाहीत तर तोही जाईल. एवढीच एक गोष्ट तिला कापसातून टोचायची.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती घराघरांतून सांगायला निघाली. नवरा गेल्यावर वर्षभर घालायचा काळा झगा अंगावर होता, डोक्याला काळा रुमाल. दत्तारामच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्याची बायको सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली आणि सूप हातातून सुटलं. पदर डोक्यावर ओढत ती आत धावली. दत्ताराम तसाच गंजीफ्रॉकवर बाहेर आला, तोंड उतरलेलं.

"कोण गेला, टीचर?"

"कोण नाय. वर्ग चालू आसा म्हणान सांगाक इलंय."

"वर्ग?" त्यानं छातीवर हात ठेवला. "बसा तरी. पाणी हाडतंय."

"नको, बाकीच्यांकडे जावचा आसा."

"येतंय, टीचर. उद्या येतंय," तो घाईघाईनं म्हणाला, आणि ती वळली तेव्हा बायकोला म्हणताना तिला ऐकू आलं, "देवापुढे दिवो लाव गे आधी."

किशोरीकडे तसंच. किशोरीनं धावत जाऊन टीव्ही बंद केला आणि हात जोडून उभी राहिली. "नक्की येतंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ना दत्ताराम आला ना किशोरी. सिसिलियानं खुर्च्या उचलल्या.

काशीबाईचं घर लांब, काजूच्या बागेत. तिथे ती शुक्रवारी गेली. काशीबाई बियांच्या ढिगापाशी बसली होती, हात चिकानं काळे. सिसिलिया अंगणाच्या कडेला थांबली.

"काशीबाय, वर्ग चालू आसा."

काशीबाईनं खालून वर पाहिलं. झगा पाहिला, रुमाल पाहिला, मावळतीकडे पाहिलं.

"तुझ्या कपाळाक काय दिवस इले गो!" ती ओरडली. "तिनसांजेक काळो झगो घालून, अंगणात उभ्या ऱ्हवान, पाणी घेनास नाय, बसनास नाय. ह्या गावात असो कोण फिरता?"

सिसिलियानं स्वतःच्या झग्याकडे पाहिलं.

"सांग ना! कोण फिरता?"

"मयताचा सांगूक जाता तो," सिसिलिया हळूच म्हणाली.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मयताचा निरोप आणणारा माणूस बसत नाही, पाणी घेत नाही, सांगतो आणि पुढच्या दाराला जातो. कॉस्मेच्या वेळी दत्तारामच्याच भावानं असं गावभर फिरून सांगितलं होतं. ती मात्र आपण कुणाला तोशीस देऊ नये म्हणून उभी राहत होती.

"अर्धो गाव धसकलो," काशीबाई म्हणाली. "परवा किशोरीच्या सासूक रात्रभर झोप नाय. हयसर ये. बस आधी."

तिनं पाट सरकवला. सिसिलिया बसली. काशीबाईनं राखेनं हात घासले, आतून पाणी आणलं, गुळाचा खडा आणला, आणि ती तो खाईपर्यंत समोरून हलली नाही. गूळ गोड होता एवढं सिसिलियाला समजलं.

"आता इचार. आमी कित्याक येवक नाय?"

"मी कॉस्मेसारखी शिकवणंय नाय म्हणान."

"खुळी मेली. आमी चुकतंव नि हसतंव. हसलंव नाय तर लाजेन मरतलंव. नि तुझ्या पडवीत आता हसाचा कसा? घरातलो माणूस गेलेलो. तू समोर अशी, सुकटाच्या टोपलीसारखी. हसलंव तर पाप, नाय हसलंव तर शिकाक जमना नाय. म्हणान कोण येना नाय."

एक वाळकं पान ढिगावर पडलं. काशीबाईनं ते उचलून टाकलं.

"रडलंस तरी?"

"येना नाय."

"मगे हस."

"ता पण येना नाय."

"आमी हसलंव तर चलात?"

सिसिलियानं विचार केला. कापूस जागच्या जागी होता. पण पडवी डोळ्यांपुढे आली, आणि त्या पडवीत रिकाम्या खुर्च्या नव्हत्या.

"चलात."

"मगे ता जावन सांग. नि बसान सांग गो बाये, बसान."

शनिवारी ती सकाळीच निघाली. दत्तारामकडे बसली, चहा घेतला. किशोरीकडे बसली, नको नको म्हणत असतानाही आणखी एक कप घेतला. तिच्या सासूनं चार बोटं साखर घातली होती. तरी कप रिकामा करूनच ती उठली. प्रत्येक घरी एकच सांगितलं, "उद्या रविवार तरी वर्गाक येवा. माझ्या पडवीत हसलेला चलता. मी नाय हसलंय तरी तुमी हसा."

दत्तारामच्या बायकोनं ते ऐकून डोळे पुसले. सिसिलियानं पुसले नाहीत, पुसण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी वर्ग नसायचा. पण त्या रविवारी तिनं वर्ग ठेवला होता, कारण क्लॉडिया येणार होती. आधी काशीबाई आली, मग किशोरी, मग दत्ताराम. तिघांनी चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून काढल्या. सगळे सुतकात बसल्यासारखे बसले. सिसिलियानं दत्तारामला काल काय केलंस ते इंग्रजीत सांगायला लावलं.

तो उभा राहिला, घसा खाकरला. "यस्टर्डे आय गो एअरपोर्ट. पॅसेंजर नो कम. आय वेट. आय स्लीप." पुढे त्याला सुचेना. मग हात वर करून म्हणाला, "पोलीस कम! पोलीस ओपन डोअर. आय से, गुड मॉर्निंग मॅडम!"

"पोलीस बाई होती?" किशोरीनं विचारलं.

"नाय गो, हे मोठे मिशयेवालो!"

काशीबाईच्या नाकातून आवाज निघाला. तिनं पदर तोंडात कोंबला. किशोरीनं मान खाली घातली, खांदे हलत होते. मग सगळे एकदम थांबले आणि सिसिलियाकडे बघू लागले.

सिसिलियाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती म्हणाली, "मगे? पोलीस काय म्हणालो? इंग्रजीत सांग."

"ही से... ही से, गुड मॉर्निंग हजबंड!"

मग काही थांबलं नाही. काशीबाई खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. हसणं पडवीतून अंगणात गेलं, चिंचेखाली गेलं, आणि हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज त्यात बुडाला. सिसिलिया ऐकत होती. आतला कापूस निघाला नव्हता. पण आज आवाज पलीकडच्या खोलीतून येत नव्हता, इथूनच येत होता.

तेवढ्यात गाडी थांबली. क्लॉडिया अंगणात आली, हातात किल्ली, घर बंद करायला आणलेलं नवं कुलूप पिशवीत. पायरीशी येऊन ती उभीच राहिली, कधी आईकडे बघत, कधी हसणाऱ्या माणसांकडे.

"ममा?"

सिसिलियानं भिंतीशी लावलेली एक खुर्ची ओढली आणि पुढे केली.

"उभी ऱ्हव नको गो, लोक घाबरतत. बस."