मृदंगान कौल दिलान!

"चिकटला! फूल चिकटला! मृदंगान कौल दिलान!"

बंदराजवळच्या जुन्या जकात कचेरीत सकाळी साडेनऊला एवढी गर्दी शेवटची कधी झाली होती, ते तिथल्या जांभ्याच्या भिंतींनाच ठाऊक. पूर्वी म्हणे गलबतांवरचा माल अडकला की लोक इथे तोंड पाडून रांगेत उभे राहायचे. आज मात्र सगळे माना उंच करून, एकमेकांच्या पायांवर पाय देत, एका मृदंगाकडे टक लावून होते.

मृदंग चौरंगावर आडवा ठेवलेला. त्यामुळे त्याची दोन्ही तोंडं भिंतीसारखी उभी. आणि उजव्या तोंडावर, मधोमध लावलेल्या काळ्याभोर शाईच्या गोलावर, एक इवलासा झेंडू. डिंक नाही, दोरा नाही. खाली पडायचं सोडून तो तिथे असा ऐटीत बसला होता, जशी काही त्याची सीट रिझर्व्ह होती.

"ही नुसती चामडी नव्हे, भक्तहो!" महिपतबुवांनी दोन्ही हात वर केले. भगवी कफनी, गळ्यात तीन माळा आणि मनगटावर बोटभर जाड घड्याळ. "हा साक्षात नादपुरुष! विश्वातली सगळी कंपनं इथे गोळा होतात. मोबाईलला टॉवर असतो ना? तसा हा देवाचा टॉवर. रेंज एकदम फुल्ल!"

"फुल्ल!" गर्दी म्हणाली.

बुवांचा नियम सोपा होता. प्रश्न विचारायचा आणि मृदंगाच्या शाईवर फूल लावायचं. राहिलं तर होकार, पडलं तर नकार. गावच्या देवळात पिढ्यान् पिढ्या कौल लावणाऱ्या लोकांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांना फक्त देवाचा नवा पत्ता हवा होता, तो बुवांनी दिला.

"नादपुरुषा, तुला काचेच्या कपाटात राहायचं आहे का?"

टप्. फूल पडलं.

"या दालनात तुझी गादी आणि या सेवकाचा मठ हवा का?"

झेंडू चिकटला. पुन्हा जयजयकार.

"आणि उद्या, रविवारी, मुलीच्या जातीने तुझ्यावर हात टाकलेला चालेल का?"

टप्.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. मागे खिडकीच्या गजांना धरून राही उभी होती.

राही दहावीतली. मृदंग शिकायचा म्हणून तिने नमन मंडळातल्या मृदंगवाल्या काशीराम आजोबांचा दोन वर्षं पिच्छा पुरवला होता. शिमग्यातल्या नमनाच्या खेळाला मृदंग बाप्यांनीच, म्हणजे पुरुषांनीच वाजवायचा, असा मंडळाचा रिवाज. आजोबा आधी "नाय गो" म्हणाले, मग "बगू" म्हणाले, आणि शेवटी वैतागून म्हणाले, "बस. बोटा दाकव." त्याला आता तीन वर्षं झाली होती. आणि उद्या या कचेरीचं रत्नागिरीच्या लोकसंगीताचं संग्रहालय होणार होतं. गावोगावच्या मंडळांनी जाखडी नाचाची घुंगरं, भजनाच्या पायपेट्या, पालखीचे ढोल असं काय काय आणून दिलं होतं. उद्घाटनाला पहिली थाप राहीची, तीही मंडळाच्या याच शंभर वर्षांच्या मृदंगावर. निमंत्रणपत्रिकेत नाव छापून आलं होतं. आईने ती पत्रिका देव्हाऱ्याशेजारी उभी करून ठेवली होती.

आणि आता एका झेंडूने तिला बाद केलं!

"आजोबा, तुम्ही तरी बोला ना," ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

काशीराम आजोबांनी मान खाली घातली. "पोरी, मी हो म्हटलंय ता खरा. पन त्यानच नाय म्हटलान, तर मी कोन?"

मंडळाचे सेक्रेटरी अनिलभाऊ याहून पुढे गेले. "दीपाली मॅडम, आमचा मृदंग काचेत जायचा नाय. बाकीची मंडळा पन आपापली वाद्या परत न्यायची म्हणतायत. बुवांना मठ द्या, नायतर तुमचा म्युझियम रिकामा."

दीपाली मॅडम संग्रहालयाच्या प्रमुख. मॅडमनी कपाळाला हात लावला. "संध्याकाळी पाचला सगळे या. तेव्हा काय ते ठरवू."

गर्दी पांगली, बुवा नारळपाणी प्यायला गेले आणि राही मॅडमच्या खोलीत येऊन धपकन बसली. काशीराम आजोबाही मागोमाग आले. वाद्यांखाली लावायच्या पाट्या लिहायचं काम तिच्याकडे होतं. रडू येत होतं, पण पाट्या तर लिहायलाच हव्या होत्या.

"मृदंग," तिने नाक ओढत लिहिलं. "आजोबा, लाकूड कसलं?"

"फणसाचा."

"डाव्या तोंडाला?"

"कनीक. भिजवून लावायची, वाजवून झाली की काडायची."

"आणि उजव्या तोंडाच्या काळ्या शाईत काय असतं?"

"भाताची खळ, आनि लोकंडाचा कीस. मी सोता घोटतंय. एकावर एक थर देयाचं. लोकंड नसंल तर आवाज घुमत नाय."

"लोखंड," राहीने लिहिलं.

तेवढ्यात भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावरून उद्याच्या कार्यक्रमाचा कागद सुळकन खाली आला.

"पुन्हा!" मॅडम वैतागल्या. "चुंबकं कोण नेतंय कळत नाही. हरभऱ्याएवढ्या आठ चकत्या होत्या. बुवा आल्यापासून पाच गायब. म्हणजे बुवांवर संशय आहे असं नाही हं..."

राहीचं पेन थांबलं.

तिने पाटीकडे बघितलं, मग फळ्याकडे. मग तिने उरलेल्या तीन चकत्यांतली एक उचलली आणि दालनात धावली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला चकती लावली. पडली. फणसाच्या खोडाला लावली. तीही पडली. काळ्या शाईला लावली...

चकती शाईला चिकटून बसली!

"आजोबाऽऽ!" अशी किंकाळी फोडायची तिला फार इच्छा होती. पण तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि जागच्या जागी तीन उड्या मारल्या. आत्ता सांगितलं तर बुवा म्हणणार, पोरगी खोटं बोलते. दाखवायला हवं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

पाचला सकाळपेक्षा दुप्पट माणसं जमली. आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला निघालेली दोन कुटुंबंसुद्धा गाडी थांबवून आत शिरली होती. बुवांसमोरच्या ताटात झेंडूचे दोन ढीग. राही नीट बघत राहिली. मठाचा प्रश्न आला की बुवांचा हात उजव्या ढिगात जायचा आणि मुलीचा आला की डाव्या.

"बुवा," तिने हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा. "एकदा डाव्या तोंडावर कौल लावा ना."

"डावं अशुभ असतं, बाळे!"

"अशुभ?" काशीराम आजोबांची मान झटकन वर आली. "डाव्याबिगर मृदंग बोलंल काय? अर्धा मृदंग अशुभ नि अर्धा देव, असा कदी झाला?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. बुवा घाईने म्हणाले, "नादपुरुषाची चेष्टा नको! तरंग बिघडतात."

"मग मीच लावते," असं म्हणून राहीने उजव्या ढिगातलं एक फूल उचललं. बुवा "अगं, अगं" करेपर्यंत ती मृदंगाला वळसा घालून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटासमोर उभी राहिली होती.

"हे कपाटपुरुषा," तिने डोळे मिटले, "मी उद्या मृदंग वाजवू का?"

फूल कपाटाला चिकटलं.

राहीने फूल ओढून काढलं आणि खिडकीच्या गजाला लावलं. "हे गजपुरुषा, वाजवू का?" चिकटलं! मग ती दाराबाहेर पळाली आणि सगळी गर्दी तिच्यामागे. बाहेर बुवांची स्कूटर उभी होती. "स्कूटरमाते, तुझं काय मत?"

फूल स्कूटरच्या पत्र्याला असं चिकटलं की हलेना.

"स्कूटरीन पन कौल दिलान गो!" एक मावशी ओरडल्या आणि जो हशा उसळला, त्याने बंदरावरचे कावळे उडाले.

राहीने फुलाचा हिरवा देठ सोलला. आतून हरभऱ्याएवढी चकती निघाली आणि बोटांतून निसटून टक्कन स्कूटरला जाऊन बसली.

"चुंबक!" ती म्हणाली. हसून हसून दम लागला होता, पण आवाज खणखणीत होता. "मॅडमच्या फळ्यावरचं. उजव्या ढिगातल्या झेंडूंत चुंबकं आहेत, डाव्यातल्यांत नाहीत. आणि मृदंगाच्या शाईत असतो लोखंडाचा कीस. शाईची ओढ कमी, म्हणून झेंडूसुद्धा सगळे पिटुकले निवडलेत. मोठं फूल पडलं असतं. बस्, एवढाच तो टॉवर."

अनिलभाऊंनी सगळी फुलं सोलली. उजव्या ढिगात आणखी चार चकत्या निघाल्या, डाव्यात एकही नाही.

बुवा सावरले. "मूर्खांनो, चुंबकातही देवच असतो!"

"असेल ना," राही म्हणाली. "मग तो लपवलात कशाला?"

बुवा स्कूटरवर बसले आणि सुटले. चकती तशीच पत्र्याला चिकटून त्यांच्याबरोबर गेली.

लोक हसत होते. काशीराम आजोबा मात्र हसले नाहीत. ते पायरीवर टेकले. "साठ वरसा ही शाई मी घोटतंय. लोकंड माज्या हातानं घातलंय. तरी मी हात जोडून हुबा रायलो. सगळा म्हाईत होता. इचारला तेवडा नाय."

अनिलभाऊ चाचरत म्हणाले, "मग आता... पोरीन मृदंग वाजवायचा काय? परवानगी कोनाची घ्यायची?"

"कोनाची कशाला?" आजोबा उठले. "शिकलेला वाजवतो. ती शिकलीय."

रविवारी दालन गच्च भरलं. राहीने डाव्या तोंडाला कणीक लावली, बोटं झटकली आणि पहिली थाप दिली. जुन्या जांभ्यात आवाज असा घुमला की दीपाली मॅडमच्या अंगावर काटा आला. पहिलं आवर्तन छान, दुसरं त्याहून छान. तिसऱ्यात एक बोल घसरला.

"बगा!" मागून कोणीतरी कुजबुजलं. "रागावला मृदंग."

आजोबांनी गर्रकन मान वळवली. "मृदंग कशाला रागवंल? पोरीचा तिसरा बोट कच्चा हाय. सराव कमी पडला."

भर सभेत खाल्लेलं बोलणं राहीला आयुष्यात कधी एवढं गोड लागलं नव्हतं. चूक तिची होती, म्हणजे ती सुधारणंही तिच्याच हातात होतं. तिने बोट झटकलं आणि तोच बोल पुन्हा वाजवला, या वेळी नीट.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्यासमोर कोणी चमत्कार केला, तर टाळ्या वाजवू नका आणि दगडही मारू नका. फक्त म्हणा, "जरा दुसऱ्या जागी करून दाखवा." खरं असेल तर तिथेही होईल. आणि असं म्हणायची भीती वाटली, तर आधी ती भीती कोणी घातली, एवढं विचारून बघा.