माझे फाटलेले पान

मित्रांनो, पुस्तकालाही भीती वाटते, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल. मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्या पुढच्या भागात इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ आहेत, मागच्या भागात मराठी शब्दांचे इंग्रजी. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत माझे आयुष्य गेले. नवा होतो तेव्हा लोक हात पुसून मला उघडत. पुढे माझ्यावर चहाचे कप आले आणि शेवटी मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलो. तिथून मला काढले ते काचा तपासणाऱ्या ताईने. तिने माझी पाठ चिकटवली आणि जेवणाच्या सुट्टीत ती रोज माझ्यातला एक शब्द शिकू लागली.

तिथल्या गोडबोल्या सुपरवायझरला सगळे साखरमामा म्हणत. ताईने बाजूला काढलेली ओरखडे पडलेल्या काचांची पेटी त्याने घाईत पाठवून दिली आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली. दोष ताईवर ढकलायचे त्याने ठरवले. एका सकाळी तो एकटाच कचेरीत आला. माझ्या मागच्या भागात त्याने 'दुटप्पी' शोधले, समोरचा इंग्रजी शब्द तक्रारीच्या अहवालात ताईच्या नावापुढे उतरवला. मग पुढच्या भागातले त्याच इंग्रजी शब्दाचे पान टर्रकन फाडून खिशात घातले. फाटण्याचे दुःख मी सोसले असते. पण ताईचे काय होणार ते मला दिसत होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

तिथला नियम असा, की ज्याच्याविषयी अहवाल, त्याने खाली सही करायची. सही म्हणजे 'वाचले, मान्य'. असा ठपका असलेल्या अहवालावर सही झाली की नोकरी गेलीच.

"सही कर, पोरी. तुझी तारीफच केलीय," मामा म्हणाला.

ताईने पेन उचलले.

"हा डुप्लिसिटस शब्द काय हो, मामा?"

"अगं, म्हणजे कष्टाळू!"

तरी तिने सवयीने मला उघडले. "पान कुठं गेलं? परवा तर होतं."

"उंदरांनी कुरतडलं असेल. कर सही."

तिने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवले. ती मागच्या भागात गेली. 'कष्टाळू'पुढे तो शब्द नव्हता. 'लबाड'पुढेही नव्हता. 'दुटप्पी'पाशी बोट थांबले. तिने एकेक अक्षर अहवालाशी जुळवून पाहिले. सगळी जुळली. मान वर केली तर मामाच्या खिशातून माझ्या पिवळ्या पानाचा कोपरा डोकावत होता.

"शब्द कळला, मामा," ती म्हणाली. "शब्द बरोबर आहे. नाव तेवढं चुकलंय."

सही न करता तिने अहवाल आणि मला छातीशी धरले आणि थेट मालकीणबाईंची खोली गाठली. बाईंनी मामाला बोलावून खिसा रिकामा करायला लावला, आणि माझे पान बाहेर आले.

ताई अजून काचा तपासते. माझे पान तिने परत चिकटवले आहे, थोडे तिरके. मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नका. त्यावर कोणाची भाकरी लिहिलेली असेल, सांगता येत नाही. आणि न वाचता सही करू नका. आजही कोणी फार गोड बोलत कचेरीत शिरले, की मी माझी सगळी पाने घट्ट मिटून घेतो.