फळांचा वास येणारी मुलगी

शिंप्याच्या दुकानासमोर चपलांचा खच पडला होता. आत शिलाईचं मशीन कोपऱ्यात सारून पलंग मांडला होता आणि पलंगावर त्याची सहा वर्षांची मुलगी बसली होती. माणसं रांगेनं येत होती, वाकत होती, तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन डोळे मिटत होती. "अगदी पिकलेल्या फळांचा वास," असं म्हणत एक बाई बाहेर आली आणि रडायलाच लागली.

मी गेले होते दोन पांढरे कोट शिवायला टाकायला. डॉक्टरकीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, बालरोगाच्या पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. डोक्यात हवा गेली होती म्हणा ना.

रांगेच्या तोंडाशी अत्तरवाला उभा. कालपरवापर्यंत हा दारोदार कुप्या विकायचा, आता त्याला महाराज म्हणायचं. त्याचं म्हणणं, या मुलीचा देह आता मातीचा उरला नाही, मधाचा झालाय. पुरावा? ती लघवीला बसते त्या मोरीत मुंग्यांची रांग लागते. ती तांबेच्या तांबे पाणी पिते, कारण तिच्या आत समुद्र आहे. जेवण नको म्हणते, कारण देवीला कसली आलीय भूक? रोडावतेय, कारण मायेचा देह गळून पडतोय. प्रत्येक कारणावर लोक माना डोलवत होते.

वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असेल तर त्याला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. मी चोर पकडायला निघाले होते.

अत्तरवाला म्हटल्यावर वास कुठून येतो हे काय सांगायला हवं? मी मुलीची उशी हुंगली, फ्रॉकची कॉलर हुंगली, ओल्या रुमालानं तिचे हात खसाखसा पुसले. तिच्या मनगटाची हाडं बोटांना लागली, तेही जाणवलं, आणि मी रुमालच हुंगत बसले.

"मावशी, पाणी देता?" ती म्हणाली. "हे सगळे पाया पडतात, पाणी कुणी देत नाही."

मी दिलं. तिनं घटाघटा तांब्या रिकामा केला. मी तो तांब्याही हुंगला.

शिंप्यानं माझी मापं घेता घेता हळूच विचारलं, की पोरीला दवाखान्यात दाखवू का. मी ऐटीत सांगितलं, हा लबाड मोरीत साखरेचं पाणी शिंपडतोय, आधी त्याचं सोंग उघडं पाडू, मग बघू. तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या, ताई. तुम्ही म्हणाल तसं."

बुधवारी मी स्वतः ती मोरी फिनेलनं घासली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुलीच्या आईकडे दिली. मुलीशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, घरच्यांनी शेजाऱ्यांची मोरी वापरायची. गुरुवारी सकाळी कुलूप काढलं. मुंग्या होत्याच.

"आत कोण गेलं होतं?"

"हीच," आई म्हणाली. "सात-आठदा. दुसरं कुणी नाही."

म्हणजे कुणी काही शिंपडलेलं नव्हतं. साखर मुलीच्याच लघवीतून येत होती. अगं बाई, हा तर मला तोंडी परीक्षेत आलेला प्रश्न! मी घडाघडा उत्तर दिलं होतं. लहान मुलांचा मधुमेह. अंगात इन्सुलिन तयार होत नाही, साखर रक्तात साचते, लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते स्वतःची चरबी जाळतं. त्यातून जे तयार होतं त्याचा वास श्वासाला येतो, पिकलेल्या फळांसारखा. सरांनी शाबास म्हटलं होतं.

मी दुकानात धावले. मुलगी आडवी पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास खोल आणि जोरजोरात. अत्तरवाला सांगत होता, की श्वासाश्वासात जप चाललाय. लोक हात जोडून तो जप ऐकत होते.

माझ्या वडिलांचं साखर मोजायचं यंत्र आमच्या कपाटावर होतं, तीन घरं सोडून. पळत जाऊन आणलं, तिचं बोट टोचलं. आकडा आलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली की ते यंत्र आकडा दाखवत नाही. हा जप नाही, ही पोर मरतेय, असं मी ओरडून सांगितलं. अत्तरवाला वाटेत आडवा आला. शिंप्यानं त्याला ढकललं आणि पोरीला उचललं.

रुग्णालयात बालरोगाच्या डॉक्टरीणबाई सलाईन लावत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही हिला पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"मंगळवारी."

त्यांनी तो वार कागदावर लिहून घेतला. दुपारी मेंदूला सूज आली आणि दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी अत्तरवाल्यानं सांगून टाकलं, डॉक्टरांनी सुई टोचली म्हणून देवी कोपली. निम्म्या लोकांना ते पटलंसुद्धा. मला त्याचा संताप येतो. माझा जास्त येतो. वास खरा होता, मुंग्या खऱ्या होत्या, त्यानं त्यांचा अर्थ खोटा सांगितला आणि मी तर दोन्ही खरं मानलंच नाही.

म्हणून हे लिहितेय. मूल सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वाळत चाललं असेल, लघवीला मुंग्या लागत असतील, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. एक थेंब रक्त लागतं, मिनिटभर वेळ जातो. बुवाला विचारू नका. आणि माझ्यासारखी कुणी हुशार बाई आधी बुवाचं सोंग उघडं पाडू म्हणाली, तर तिचंही ऐकू नका.

आज रविवार. सकाळी शिंपी दारात आला. एक कोट शिवून, इस्त्री करून आणला होता. दुसऱ्याचं कापड न कापता घडी घालून परत.

"हा बुधवारीच झाला होता," तो म्हणाला. "पलंगावर बसून तीच बटणं मोजून देत होती. दुसऱ्याला माझा हात चालत नाही, ताई."

कोट खुर्चीवर ठेवलाय. उद्या आठ वाजता तो घालून मला मुलांच्या वॉर्डात उभं राहायचंय.